छोट्या विमानाची बॅटरी: इंजिन सुरू झालं म्हणजे बॅटरी चांगली, असं नाही

सेस्ना १७२सारख्या चार आसनी विमानाची बॅटरी किती वर्षं टिकते, या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. इंजिन सुरू करून देण्यापुरती म्हणाल तर पाच-सहा वर्षं, क्वचित आठसुद्धा. पण हवेत अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र) बंद पडला आणि खाली उतरेपर्यंत रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारं उपकरण), दिवे बॅटरीवर चालवायचे, अशी वेळ आली तर त्यासाठीचं तिचं आयुष्य बरंच आधी संपलेलं असतं. निम्मी क्षमता गमावलेली बॅटरी कित्येक विमानांत तशीच बसलेली असते. रोज सकाळी पहिल्याच सेल्फला इंजिन धडधडतं, त्यामुळे तिच्यावर कुणाला संशय येत नाही.

असं का होतं ते साध्या हिशेबात दिसतं. अलीकडच्या १७२मध्ये २४ व्होल्टची, साधारण १३ ॲम्पियर-तास क्षमतेची बॅटरी असते. १३ ॲम्पियर-तास म्हणजे १३ ॲम्पियरचा प्रवाह एक तास देण्याची ताकद. इंजिन सुरू करताना स्टार्टर २०० ॲम्पियर ओढतो आणि पाच सेकंद फिरतो असं धरा. २०० गुणिले ५, म्हणजे १००० ॲम्पियर-सेकंद. तासात ३६०० सेकंद असतात, म्हणून हे झाले ०.२८ ॲम्पियर-तास. बॅटरीतल्या एकूण साठ्याच्या अडीच टक्केही नाहीत! क्षमता १३वरून ५वर घसरलेली बॅटरीसुद्धा, आतल्या प्लेटांची जोडणी शाबूत असेल तर, हे काम सहज करते.

आता अल्टरनेटर बंद पडलेला धरा. एक रेडिओ, ट्रान्सपाँडर, जीपीएस, उपकरणं आणि रात्रीचे दिवे मिळून १५ ॲम्पियर लागतात. नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर कागदावर ५२ मिनिटं मिळतात. ५ ॲम्पियर-तास उरलेल्या बॅटरीवर २०. प्रत्यक्षात दोन्ही आकडे याहून कमी येतात, कारण लेड-ॲसिड बॅटरीतून प्रवाह जितका जोरात ओढाल तितका एकूण साठा कमी हाती लागतो. बॅटरीवर छापलेली क्षमता तासाभरात रिकामी करण्याच्या वेगाची असते. त्याहून घाई केली की आकडा घसरतो. २५,००० फूट किंवा त्याखाली उडणाऱ्या छोट्या विमानांसाठी अमेरिकी नियमांत पुढे अशी अट आली की मुख्य वीजपुरवठा गेल्यावर अत्यावश्यक उपकरणं बॅटरीवर किमान ३० मिनिटं चालली पाहिजेत. जुन्या आराखड्याच्या विमानांना ती लागू नसली तरी मोजमाप म्हणून हीच ३० मिनिटं डोळ्यांपुढे ठेवावीत. बॅटरीचं आयुष्य ज्या दिवशी ती इतका वेळ देऊ शकत नाही त्या दिवशी संपतं, मग सेल्फ कितीही झोकात बसो.

लायकमिंगसारख्या पारंपरिक पेट्रोल इंजिनात मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून स्वतःच वीज बनवणाऱ्या यंत्राची ठिणगी असते. बॅटरी मेली तरी इंजिन चालू राहतं, आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पण फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांमागून खाली येणाऱ्या पट्ट्या, विजेवर चालतात. काळोखात धावपट्टी दाखवणारा दिवा विजेवर चालतो. ज्यांचं इंजिनच संगणकावर चालतं अशा डिझेल विमानांत तर गोष्ट आणखी गंभीर आहे. मार्च २००७मध्ये जर्मनीतल्या श्पायर इथे डायमंड डीए-४२ हे दोन इंजिनांचं विमान उतरलेल्या बॅटरीनिशी बाहेरच्या विजेवर सुरू करून उडवण्यात आलं. उड्डाणानंतर चाकं आत घेताना विजेची मागणी एकदम वाढली, व्होल्टेज क्षणभर कोसळलं, इंजिनांचे नियंत्रक बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले आणि दोन्ही इंजिनांनी साथ सोडली. बॅटरी अशा वेळी धक्का पचवणारी उशी असते. ती रिकामी होती.

आतमध्ये नेमकं काय झिजतं?

लेड-ॲसिड बॅटरीचा प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा, १२ सेल जोडले की २४ व्होल्टची बॅटरी. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे बारीक कण जमतात, चार्ज केली की विरघळतात. पण बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस पडून राहिली, तर हे कण वाढून टणक स्फटिक होतात आणि मग साध्या चार्जिंगने सुटत नाहीत. याला सल्फेशन म्हणतात. गाळ साचलेल्या विहिरीसारखी ही अवस्था आहे: पाणी काठाला लागलेलं दिसतं, पण खोली उरलेली नसते. म्हणूनच व्होल्टमीटर फसवतो. सीलबंद बॅटरी चार्ज करून काही तास विसावल्यावर २५.८ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे एवढंच कळतं. कितीची भरली आहे हे कळत नाही. २५ व्होल्टच्या आसपास किंवा खाली आली तर ताबडतोब चार्ज करायची, हा वापर मात्र व्होल्टमीटरचा जरूर करावा.

दुसरी झीज उलट्या बाजूने येते. जास्त चार्जिंग आणि उष्णतेने पॉझिटिव्ह प्लेटची शिशाची जाळी गंजत जाते आणि पाणी उडतं. उघड्या, पाणी घालायच्या बॅटरीत ते भरून काढता येतं. सीलबंद एजीएम प्रकारात आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं. तिथे उडालेलं पाणी परत घालता येत नाही, चटई सुकते आणि क्षमता कायमची जाते. अल्टरनेटरचं व्होल्टेज ठरवणारा रेग्युलेटर २८ ते २८.५ व्होल्टच्या दरम्यान लावलेला हवा. तो हळूहळू २९च्या पुढे सरकला तर पायलटला काही जाणवत नाही, उलट बॅटरी ‘मस्त चार्ज’ असते, आणि वर्षभरात ती सुकते. इंजिन चालू असताना चांगल्या मल्टिमीटरने बॅटरीशी व्होल्टेज तपासणं हे दहा मिनिटांचं काम आहे. विमानातल्या जुन्या मीटरच्या काट्यावर विसंबू नये.

तापमानाचा परिणाम सगळ्यांत मोठा. ठोकताळा असा की बॅटरी सतत २५ अंशांऐवजी ३५ अंशांत राहिली तर तिचं आयुष्य निम्मं होतं. थंड देशांत एजीएम बॅटरी सहा वर्षं टिकते म्हणून गोंदियात किंवा धुळ्यातही टिकेल, हे गृहीत धरणं चूक आहे. विदर्भात मे महिन्यात सावलीत ४५ अंश होतात, आणि १७२ची बॅटरी इंजिनाच्या कप्प्यात फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, बसवलेली असते. उड्डाणात तिथे हवा खेळते. उतरून इंजिन बंद केलं की गरम इंजिनाची सगळी धग तिच्यावर येते. हँगर नसेल तर निदान विमान उभं करताना नाक वाऱ्याकडे ठेवावं. आपल्याकडे उघड्या प्रकारच्या बॅटरीकडून एक ते तीन आणि एजीएमकडून तीन ते चार वर्षांपेक्षा जास्त अपेक्षा धरू नये, हे आमचं मत.

थंडीचा त्रास वेगळा. अमेरिकेत, कॅनडात हिवाळ्यात विमान चालवणाऱ्या मराठी मंडळींना हे उपयोगी पडेल: उणे १८ अंशांना बॅटरीची हाती लागणारी क्षमता जवळपास निम्म्यावर येते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे स्टार्टरला जास्त जोर लागतो. इंजिन आधी गरम करून घेतलं तर बॅटरीवरचा ताण वाचतो. उतरलेली बॅटरी गोठते, भरलेली गोठत नाही. पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ६० अंशांच्याही खाली द्रव राहतं. रिकाम्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरलेलं असतं, ते उणे १० अंशांच्या आसपास बर्फ होऊन प्लेटा वाकवतं.

पण आपल्याकडे बॅटऱ्या मरतात त्या बहुतेक उभ्या उभ्याच. जून ते सप्टेंबर खासगी विमानं आठवडेच्या आठवडे जागची हलत नाहीत. जुहू असो वा बारामती, विमानाची वीज तोडणारा मास्टर स्विच बंद केला म्हणजे बॅटरी सुरक्षित, असं धरून मालक निघून जातो. मात्र कित्येक विमानांत घड्याळ, हॉब्ज मीटर (उड्डाणाचे तास मोजणारा), इंजिन मॉनिटरची मेमरी, केबिनमधला कर्टसी लाइट हे सगळं मास्टर स्विचच्या आधी, थेट बॅटरीवर जोडलेलं असतं. ही गळती फक्त ३० मिलिॲम्पियर असली तरी महिन्याच्या ७२० तासांत २१.६ ॲम्पियर-तास होतात. १३ ॲम्पियर-तासांची बॅटरी तीन आठवडेही पुरत नाही.

गळती मोजायची पद्धत सोपी आहे. मास्टर बंद ठेवून बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलची केबल सोडवायची आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये मिलिॲम्पियरवर लावलेला मीटर जोडायचा. मीटर जोडलेला असताना मास्टर चालू करायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. पाच मिलिॲम्पियरपर्यंतचा आकडा चालून जातो. तो महिन्याला ३.६ ॲम्पियर-तास खातो. त्याहून जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून कोण खातंय ते शोधावं. विमान महिनाभर उभं राहणार असेल तर निगेटिव्ह केबल सोडून ठेवणं सर्वांत स्वस्त उपाय. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, म्हणजे पाना विमानाच्या धातूला लागला तरी ठिणगी पडत नाही. केबल सोडली तरी बॅटरी आपोआप थोडी उतरतच राहते, आणि उष्ण हवेत भराभर. पावसाळाभर विमान उभं असेल तर महिन्यातून एकदा ती चार्ज करायलाच हवी.

भारतात बॅटरी बदलणं, तपासणं आणि लॉगबुकात नोंद करणं परवानाधारक देखभाल अभियंत्याचं, एएमईचं काम आहे. अमेरिकेत बॅटरीची देखभाल व बदल हे मालक-पायलटला स्वतः करता येणाऱ्या कामांच्या यादीत येतं. दोन्हीकडे मालकाला काय विचारायचं हे ठाऊक असलं पाहिजे.

विचारायचं ते हे: शेवटची कपॅसिटी टेस्ट कधी झाली आणि किती मिनिटं आली? ही चाचणी विमानातून बॅटरी काढून करतात. ती पूर्ण चार्ज करायची, थंड होऊ द्यायची, मग तिच्या छापील क्षमतेइतका प्रवाह, म्हणजे १३ ॲम्पियर-तासांच्या बॅटरीतून १३ ॲम्पियर, अखंड ओढत राहायचा आणि व्होल्टेज २० वर येईपर्यंतची वेळ मोजायची. १२ व्होल्टच्या बॅटरीत ही सीमा १० व्होल्ट. नवी बॅटरी ६० मिनिटं देते. कॉनकॉर्ड कंपनी ८५ टक्के मागते, म्हणजे ५१ मिनिटं. गिल कंपनीच्या बॅटरीला ८० टक्के, म्हणजे ४८ मिनिटं पुरतात. त्याखाली आली तर एकदोनदा हळू, पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासता येते. मऊ सल्फेशन सुटलं तर आकडा वर येतो. तरीही कमी आली तर ती बॅटरी विमानाच्या लायक राहिलेली नाही, सेल्फ बसत असला तरी. मोटारीच्या गॅरेजमधला काही सेकंदांचा लोड टेस्टर ही चाचणी करत नाही. तो फक्त इंजिन सुरू होईल का एवढंच सांगतो, आणि ते आपल्याला आधीच ठाऊक असतं.

चाचणी किती महिन्यांनी करायची हे बॅटरीच्या देखभाल पुस्तिकेत असतं. उष्ण प्रदेशात आणि रात्री किंवा ढगांत उडणाऱ्या विमानाला पहिल्या वर्षानंतर दर सहा महिन्यांनी ती करावी.

मास्टर चालू राहून बॅटरी पार उतरली, हा नेहमीचा अपघात. नुसत्या बॅटरी कॉन्टॅक्टरची (मास्टर लावल्यावर बॅटरी जोडणाऱ्या विद्युत स्विचची) गुंडाळीच पाऊण ॲम्पियरच्या आसपास खाते, त्यात इतर उपकरणं मिळाली की रात्रभरात बॅटरी शून्यावर. अशा वेळी बाहेरची वीज लावून इंजिन सुरू करायचं आणि ‘वर गेल्यावर होईल चार्ज’ म्हणत उडायचं, हे करू नये. कारण श्पायरचं एक आहेच. दुसरं असं की रिकामी बॅटरी अल्टरनेटरकडून सुरुवातीला प्रचंड प्रवाह ओढते आणि तापते. तिसरं, लेड-ॲसिड बॅटरी पहिला मोठा वाटा पटकन घेते, पण उरलेला भरायला तास लागतात. एका तासाच्या उड्डाणानंतर ती भरल्यासारखी दिसते, भरलेली नसते, आणि त्या अर्धवट अवस्थेत पुढचे पंधरा दिवस उभी राहते. म्हणजे सल्फेशनला आमंत्रणच. ती काढून कार्यशाळेत क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे साधारण १.३ ॲम्पियरने, १४ ते १६ तास चार्ज करावी. या पद्धतीत व्होल्टेज ३०च्या वर जाऊ शकतं, म्हणून हे विमानात बसलेल्या बॅटरीवर कधीच करू नये, उपकरणं जळतील. मोटारीचे ‘बॅटरी पुन्हा जिवंत करणारे’ चार्जर टाळावेत. त्यांचे उंच व्होल्टेजचे ठोके सीलबंद बॅटरी सुकवतात.

पाणी घालायच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि तेही चार्ज झाल्यावर. चार्जिंगमध्ये द्रवाची पातळी वर येते. आधीच काठोकाठ भरलं तर आम्ल बाहेर येऊन पेटी आणि खालचा ॲल्युमिनियमचा पत्रा खातं. पूर्ण चार्ज झालेल्या अशा बॅटरीत आम्लाची विशिष्ट घनता १.२८च्या आसपास असते. बारापैकी एकच सेल बाकीच्यांपेक्षा ठळक खाली असेल तर तो गेला. त्याची शिक्षा इतर अकरांना मिळते: अल्टरनेटर तेच २८ व्होल्ट आता अकरा सेलांत वाटतो आणि ते उकळू लागतात.

कधी कधी मात्र बॅटरीवर नाहक खापर फुटतं. स्टार्टर जड फिरतोय म्हणून नवी बॅटरी आणली जाते आणि तरी फरक पडत नाही. जुन्या पायपर विमानांत बॅटरी मागे असते आणि तिथून इंजिनापर्यंत ॲल्युमिनियमची लांब केबल येते. तिची टोकं गंजली की वाटेतच व्होल्टेज गळतं. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. तपासायचं असं: मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं स्टार्टरच्या टर्मिनलला लावायचं आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. मीटर एक व्होल्टपेक्षा बरंच जास्त दाखवत असेल तर दोष वाटेतल्या केबलचा, जोडांचा किंवा कॉन्टॅक्टरचा. तसंच निगेटिव्ह बाजूला, इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये तपासायचं. प्रॉपेलरच्या टप्प्यात कुणी नसणं आणि इंजिन पेट घेणार नाही याची खात्री हे अर्थातच आधी. सेल्फ मारण्यालाही मर्यादा आहे. सेस्नाच्या पुस्तिकेप्रमाणे १० सेकंद फिरवा, २० सेकंद थांबा, असं तीनदा, मग १० मिनिटं विश्रांती.

लिथियमकडे वळावं का? लोह-फॉस्फेट प्रकारच्या मान्यताप्राप्त बॅटऱ्या आता छोट्या विमानांसाठी मिळतात. वजन निम्म्याहून कमी, किंमत कित्येक पट. जानेवारी २०१३मध्ये ज्यामुळे बोइंग ७८७ विमानं जगभर जमिनीवर आली, त्या बॅटऱ्या वेगळ्या, कोबाल्ट ऑक्साइड रसायनाच्या होत्या. लोह-फॉस्फेट त्याहून शांत आहे. मात्र तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. लेड-ॲसिड बॅटरी हळूहळू मंद होत इशारा देते, ही देत नाही. शिवाय आतलं संरक्षक सर्किट धोका दिसताच बॅटरी तोडून टाकतं. आपल्या मॉडेलसाठी मंजुरी असेल तरच तिचा विचार करावा.

काट्यांच्या मीटरांऐवजी जी-१००० हे संगणकी पडदे असलेल्या १७२मध्ये या सगळ्याशिवाय एक छोटी स्टँडबाय बॅटरी असते. उड्डाणाआधी तिचा स्विच टेस्टवर २० सेकंद धरायचा असतो आणि हिरवा दिवा तेवढा वेळ विझता कामा नये. कित्येक जण तीन सेकंदांत सोडून देतात. थकलेली बॅटरी तीन सेकंद दिवा पेटवतेच. विसावा सेकंद तिला जमत नाही.

आणि तरीही हवेत अल्टरनेटर गेला तर? १७२एसमध्ये व्होल्टेज २४.५च्या खाली आलं की कमी व्होल्टेजचा इशारा पेटतो. मास्टर स्विचच्या बॅटरी आणि अल्टरनेटर अशा दोन अर्ध्या भागांपैकी फक्त अल्टरनेटरचा अर्धा भाग बंद करायचा, अल्टरनेटर फील्डचा सर्किट ब्रेकर आत आहे का पाहायचा, अर्धा भाग पुन्हा चालू करायचा. इशारा गेला नाही तर तो अर्धा भाग बंदच ठेवायचा, कारण निकामी अल्टरनेटरची फील्ड गुंडाळीही बॅटरीतूनच खात राहते. मग लँडिंग लाइट बंद. जुन्या प्रकारचा दिवा एकटाच नऊ ॲम्पियरच्या आसपास ओढतो. ढगांत नसाल तर पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीवर बर्फ धरू नये म्हणून असलेला हीटर) बंद. दुसरा रेडिओ, ऑटोपायलट बंद. एक रेडिओ आणि ट्रान्सपाँडर ठेवा, बोलणं थोडक्यात ठेवा, कारण ऐकण्यापेक्षा बोलताना रेडिओ कित्येक पट जास्त वीज घेतो. आणि फ्लॅप पूर्ण खाली घेऊ नका. ते उघडताना बॅटरीने शेवटचा श्वास घेतला, तर उतरता न येऊन पुन्हा वर जायची वेळ आल्यावर ते आत घेता येणार नाहीत.